लेयर थ्री स्विच घ्यावा की राऊटर? मिरजेतल्या हॉस्पिटलात दोन्ही वापरून झालेलं मत

सांगली-मिरजेत नेटवर्कचं सामान घ्यायला गेलं की एका दुकानात सांगतात, "लेयर थ्री स्विच घ्या साहेब, मग राऊटर लागतच नाही", आणि दुसऱ्या दुकानात बरोबर उलटं, "राऊटर दणकट घ्या, लेयर थ्रीला कशाला पैसे घालवताय". गिऱ्हाईक मधल्या मध्ये गोंधळतं आणि शेवटी जे स्वस्त मिळतंय ते उचलून आणतं. स्विच म्हणजे बिल्डिंगमधली कॉम्प्युटर-सर्व्हर एकमेकांना जोडणारा डबा, राऊटर म्हणजे एका नेटवर्कमधनं दुसऱ्यात आणि बाहेर इंटरनेटवर डेटा पाठवणारा (यालाच राऊटिंग म्हणतात), आणि लेयर थ्री स्विच म्हणजे आतलं राऊटिंगही करणारा स्विच; साधा स्विच तो लेयर टू. मी मिरजेतल्या एका मध्यम हॉस्पिटलचं नेटवर्क बघतो. तिथं आता मायक्रोटिक कंपनीचा सीआरएस३२६ लेयर थ्री स्विच म्हणून आणि त्यांचाच आरबी४०११ राऊटर म्हणून लावलाय, दोन्ही चोवीस तास चालू असतात, त्यामुळं या दोघांबद्दल आणि मुळात कुणाला काय लागतं त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. तुमच्याकडं बिल्डिंगच्या आतल्या आत, एका व्हीलॅनमधनं (एकाच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) दुसऱ्या व्हीलॅनमध्ये किती डेटा फिरतोय एवढंच बघायचं. तो भरपूर असेल तर लेयर थ्री स्विच घ्या, डोळे झाकून घ्या. तो नसेलच आणि सगळं काम इंटरनेटवरच असेल तर चांगला राऊटर आणि खाली साधा मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच पुरतो. आणि इंटरनेटच्या तोंडाशी राऊटर दोन्ही वेळेला लागतोच, तो काढून टाकायचा विचार करू नका.

आता हॉस्पिटलात काय होतं ते सांगतो म्हणजे कळेल. मिरजेत पेशंट कुठनं कुठनं येतात सगळ्यांना माहितीय, पार कर्नाटकातनं, त्यामुळं सकाळच्या ओपीडीला बिलिंग, औषधाचं काउंटर, लॅब, एक्सरे, सीटी सगळं एकदम सुरू होतं. साठेक कॅमेरे आहेत, आयपी फोन आहेत, पेशंटच्या नातेवाईकांचं वायफाय आहे. या सगळ्यांचे वेगवेगळे व्हीलॅन आधीपासनंच होते आणि ते बरोबरच होतं, पण एका व्हीलॅनमधनं दुसऱ्यात जायचं म्हटलं की प्रत्येक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) वर राऊटरकडं जायचं आणि त्याच एका केबलवरनं खाली परत यायचं. शेजारच्या खोलीत जायला गावाच्या वेशीपर्यंत जाऊन परत यावं तसलं काम. जुना राऊटर छोट्या ऑफिससाठी बनवलेला होता, त्याच्याकडनं हॉस्पिटलची अपेक्षा करणं चूकच.

सीटीचं गणित बघा. सीटीची एक स्लाईस म्हणजे ५१२ बाय ५१२ पिक्सेल, एका पिक्सेलला दोन बाईट, म्हणजे एक स्लाईस अर्धा एमबी. पातळ स्लाईस घेऊन पोटाचा स्कॅन केला तर हजारभर स्लाईस सहज होतात, म्हणजे एका पेशंटचे ५०० एमबी झाले. हे सीटीच्या कन्सोलवरनं पॅक्स सर्व्हरला (सगळे स्कॅन साठवणारा सर्व्हर) जातं, तिथनं रेडिऑलॉजिस्टच्या स्क्रीनवर, तिथनं सर्जनच्या केबिनमध्ये. गिगाबिट केबलवरनं प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातं, म्हणजे खरं तर पाच सेकंदांचं काम. पण मधे राऊटरचा प्रोसेसर आला, त्यावर फायरवॉलचे रूल (काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं याचे नियम) आले, बँडविड्थचे क्यू (कुणाला किती स्पीड याच्या रांगा) आले, की तो प्रोसेसर शंभर टक्क्याला जाऊन बसतो आणि डॉक्टरांच्या स्क्रीनवर गोल गोल चक्र फिरत राहतं. तेवढ्यात खाली बिलिंगवाली ताई ओरडते की सॉफ्टवेअर अडकलं, फोनवर आवाज तुटायला लागतो, आणि सगळे म्हणतात इंटरनेट स्लो झालंय. इंटरनेटचा यात काडीचा संबंध नसतो. पण लाईन वाढवून घ्या म्हणून सगळे मागं लागतात आणि बऱ्याच ठिकाणी खरंच महिन्याचं बिल वाढवून ठेवतात.

हे ओळखायची सोपी पद्धत आहे आणि सामान घ्यायच्या आधी ही कराच. एक लॅपटॉप सर्व्हरच्याच व्हीलॅनमध्ये लावा आणि एक मोठी फाईल कॉपी करून बघा, किंवा आयपर्फ (नेटवर्कचा स्पीड मोजणारं सॉफ्टवेअर) चालवा. मग तोच लॅपटॉप दुसऱ्या व्हीलॅनमध्ये लावून तेच करा. पहिल्यात सेकंदाला ११० एमबी आणि दुसऱ्यात तीस-चाळीस दिसलं तर अडचण राऊटिंगमध्ये आहे, लेयर थ्री स्विचचा फायदा होणार. दोन्हीकडं सारखंच स्लो असेल तर सर्व्हरची हार्डडिस्क बघा, केबल बघा, स्विच बदलून काही उपयोग नाही.

लेयर थ्री स्विच वेगळं काय करतो तर हे व्हीलॅन ते व्हीलॅनचं राऊटिंग तो चिपमध्येच करतो. कुठला पत्ता कुठल्या पोर्टवर आहे याचं टेबल हार्डवेअरमध्ये बसवलेलं असतं, पॅकेट आलं की चिप बघते आणि पुढं ढकलते, प्रोसेसरला पत्ताही लागत नाही. चोवीस गिगाबिट पोर्टच्या स्विचची दोन्ही दिशा धरून क्षमता ४८ गिगाबिट होते, आणि अगदी लहान ६४ बाईटची पॅकेट धरली तरी एका पोर्टवर सेकंदाला १४.८८ लाख पॅकेट, चोवीस पोर्टवर साडेतीन कोटींच्या वर. हे काम प्रोसेसरवर करायला गेलात तर फार महाग राऊटर घ्यावा लागतो. सिस्कोचा आयएसआर ४३२१ हा शाखा ऑफिसचा राऊटर, त्याची मूळ क्षमता ५० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आहे आणि वेगळं लायसन्स घेतलं की १०० होते. तो त्याच्या कामाला उत्तम आहे, शाखा जोडायला, व्हीपीएनला (इंटरनेटवरनं आत यायची सुरक्षित वाट), पण सीटीचा डेटा व्हीलॅनमधनं फिरवायला तो आणून ठेवला तर हॉस्पिटल बंदच पडायचं.

म्हणून डेटाशीट वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. राऊटरच्या खोक्यावर जो आकडा मोठ्या अक्षरात असतो तो मोठ्या पॅकेटचा आणि एकही रूल न लावलेला असू शकतो. मायक्रोटिक आपल्या साईटवर पूर्ण तक्ता देते, त्यात २५ फिल्टर रूल लावल्यावरची वेगळी ओळ असते आणि ६४, ५१२, १५१८ बाईटचे वेगवेगळे रकाने असतात. मी कायम त्या २५ रूलच्या ओळीतला ५१२ बाईटचा आकडा बघतो, तोच खऱ्या वापराच्या जवळ जातो. हा तक्ता उघडपणे छापणं मला फार आवडतं, घेणाऱ्याला निर्णय घेता येतो.

आता सीआरएस३२६ बद्दल. चोवीस गिगाबिट पोर्ट, दहा गिगाबिटचे दोन एसएफपी प्लस (फायबर वगैरे लावायचे पोर्ट), पंखा नाही त्यामुळं आवाज शून्य, ओपीडीच्या मागच्या छोट्या खोलीत ठेवला तरी कुणाला त्रास नाही. एका एसएफपी प्लसवर पॅक्स सर्व्हर दहा गिगाबिटनं जोडलाय, म्हणजे चार जण एकदम सीटी उघडून बसले तरी प्रत्येकाला आपापली पूर्ण गिगाबिट मिळते. दुसऱ्यावर फायबर टाकून मागची बिल्डिंग जोडलीय. दोन बिल्डिंगच्या मध्ये तांब्याची केबल उघड्यावरनं नेऊ नका, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा विजा कशा कडाडतात माहितीय, एक चांगला कडकडाट झाला की दोन्हीकडचे पोर्ट जातात. फायबरला ती भीती नाही आणि आता फायबर काही महागही राहिलेली नाही.

पण हा स्विच आणून नुसता लावला की लेयर थ्री झाला असं नाही, आणि इथंच बरेच जण फसतात. यात दोन सिस्टीम येतात, स्विचओएस आणि राऊटरओएस. स्विचओएसमध्ये चालू केला तर तो फक्त लेयर टू, राऊटिंग नाहीच. राऊटरओएसमध्ये चालू केला तरी व्हर्जन ७ पाहिजे, आणि त्यात स्विचच्या मेन्यूत लेयर थ्री हार्डवेअर ऑफलोडिंग (राऊटिंगचं काम चिपवर टाकणं) म्हणून सेटिंग आहे ते चालू करावं लागतं. ते केलं नाही तरी राऊटिंग चालतं, पिंग जातं, सगळं बरोबर दिसतं, पण ते सगळं आतल्या प्रोसेसरच्या ८०० मेगाहर्ट्झच्या एका कोरवर चाललेलं असतं आणि मग लोक म्हणतात हा स्विच बेकार आहे. सेटिंग बदलताना ट्रॅफिक थोडा वेळ अडकू शकतो म्हणून हे रात्री करा, ओपीडी चालू असताना नको.

दुसरी गोष्ट याच्याहून महत्त्वाची आहे, सुरक्षेची आहे, म्हणून जरा थांबून वाचा. हार्डवेअरमध्ये राऊटिंग गेलं की ते पॅकेट प्रोसेसरला दिसत नाही, म्हणजे तुम्ही जे नेहमीचे फायरवॉल रूल लिहिलेत ते त्याला लागतच नाहीत. स्विचच्या चिपमध्ये एसीएल लिहिता येतात पण ते साधे असतात, हा पत्ता त्या पत्त्याला नको, हे पोर्ट बंद, एवढंच. कुणी बोलणं आधी सुरू केलं, हे उत्तर आहे का नवीन घुसखोरी आहे, असं लक्षात ठेवणं राऊटरच्या फायरवॉलचं काम आहे. हॉस्पिटलात पेशंटच्या नातेवाईकाच्या मोबाईलमधनं पॅक्स सर्व्हर दिसता कामा नये, यात तडजोड नाहीच. सीटीच्या कन्सोलवर तर बऱ्याचदा जुनी विंडोज असते, कंपनी ती अपडेट करू देत नाही, म्हणजे ती जपायलाच लागते.

आम्ही काय केलं तर वायफायच्या गेस्ट व्हीलॅनला स्विचवर आयपीच (नेटवर्कवरचा पत्ता) दिला नाही. तो व्हीलॅन स्विचमधनं नुसता पार होतो आणि त्याचा गेटवे (त्या व्हीलॅनमधनं बाहेर पडायचं दार) थेट राऊटरवर आहे. म्हणजे गेस्टला आत कुठं जायचंच असेल तर राऊटरच्या फायरवॉलमधनं जावं लागतं आणि तिथं दार बंद आहे. ज्या व्हीलॅनवर भरवसा आहे आणि ज्यांच्यात डेटा भरपूर आहे, म्हणजे सीटी, एक्सरे, पॅक्स, डॉक्टरांच्या केबिन, तेवढ्यांचेच गेटवे स्विचवर ठेवलेत. आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर कॅमेऱ्यांच्याच व्हीलॅनमध्ये बसवलाय, त्यामुळं तो ट्रॅफिक राऊटच होत नाही. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ (व्हिडिओ लहान करायची पद्धत) मध्ये ४ एमबीपीएसच्या आसपास घेतो, साठ कॅमेरे म्हणजे २४० एमबीपीएस दिवसरात्र, ते राऊटरच्या डोक्यावर टाकायचं कारणच नाही. नुसतं एनव्हीआर उचलून बरोबर व्हीलॅनमध्ये ठेवल्यानं काही ठिकाणी लेयर थ्री स्विच न घेताच काम भागतं, हे दुकानदार सांगणार नाही.

आता हे दोघं एकमेकांना कसे जोडले ते. स्विच आणि राऊटरच्या मध्ये एक छोटा वेगळा व्हीलॅन, दोनच पत्त्यांचा. स्विचवर डिफॉल्ट राऊट (ज्याचा पत्ता माहीत नाही ते सगळं जायची वाट) राऊटरकडं. आणि राऊटरवर आतल्या सगळ्या सबनेटचे (व्हीलॅनच्या पत्त्यांच्या गटांचे) उलटे राऊट स्विचकडं, हे टाकायलाच लागतात, नाहीतर पॅकेट बाहेर जातं पण येताना राऊटरला कळत नाही कुठं टाकायचं. नवीन पोरं इथं अडकतात, इंटरनेट येत नाही म्हणून रात्रभर नॅट (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलणं) तपासत बसतात. ओएसपीएफ (राऊट आपोआप शिकायची पद्धत) वगैरे एका बिल्डिंगला लागत नाही, हातानं टाकलेले स्टॅटिक राऊट पुरतात.

राऊटरच्या वाट्याला मग काय राहतं? इंटरनेटचं सगळं. पीपीपीओई डायल करणं (इंटरनेट कंपनीच्या लाईनवर लॉगिन करणं), नॅट, दोन कंपन्यांच्या लाईन आहेत त्यातली एक गेली की दुसरीवर आपोआप जाणं, फायरवॉल, वायफायच्या लोकांना स्पीडची मर्यादा, आणि डॉक्टरांना घरनं सीटी बघायला वायरगार्डची व्हीपीएन. आरबी४०११ मध्ये चार कोर १.४ गिगाहर्ट्झचे, एक जीबी रॅम, एक गिगाबिटचे दहा पोर्ट आणि एक एसएफपी प्लस. आता आतला बोजा उतरल्यावर दुपारी गर्दीतसुद्धा तो निवांत असतो. रात्री अपघाताची केस आली आणि न्यूरोसर्जन घरी आहेत, अशा वेळी ते मोबाईलवरनं व्हीपीएन लावून स्कॅन बघतात आणि फोनवर सांगतात की ओटी तयार ठेवा, मी निघालो. हे काम एकट्या लेयर थ्री स्विचनं होणार नाही. सीआरएस३२६ च्या चिपमध्ये नॅटचं ऑफलोड नाही, कंपनीच्याच कागदावर तसं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे त्याच्यावर नॅट टाकला तर तो पुन्हा त्या एका कोरवर येणार.

हेच सेकंडहँड सिस्कोबद्दल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं जुने कॅटालिस्ट ३५६० आणि ३७५० आणून लोक लावतात. लेयर थ्री म्हणून ते फार चांगले स्विच होते, आयपी राऊटिंग ही एक कमांड दिली, व्हीलॅनला आयपी दिले की काम सुरू. शिकायला घ्यायचा असेल, सीसीएनए (सिस्कोची नेटवर्कची परीक्षा) करणाऱ्या पोरांनी, वालचंद कॉलेजच्या आजूबाजूच्या रूमवर राहणाऱ्यांनी, तर जरूर घ्या. पण त्यांच्यातही नॅट नाही, आणि त्यांचा सपोर्ट केव्हाच संपलाय, सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, पंख्याचा आवाज आणि गरम हवा वेगळीच. चालू हॉस्पिटलला किंवा कारखान्याला मी तो लावणार नाही.

खरेदीचा अनुभव संमिश्र. एका दुकानानं (नाव घेत नाही) कोटेशनमध्ये लेयर थ्री लिहिलं आणि खोक्यावर बघितलं तर एल टू प्लस. एल टू प्लस म्हणजे वाईट असं नाही, त्यात थोडे स्टॅटिक राऊट टाकता येतात आणि लहान ऑफिसला तेवढं चालून जातं, पण पैसे लेयर थ्रीचे घेऊन ते द्यायचं हे बरोबर नाही. मी खोकं न फोडता परत केलं. दुसरीकडं सांगलीतल्याच एका छोट्या दुकानातला पोरगा मात्र भारी निघाला, त्यानं स्वतःच विचारलं, "दादा, आत किती व्हीलॅन आहेत, सर्व्हर कुठं बसवलाय?" आणि मगच मॉडेल सुचवलं. असा प्रश्न विचारणारा माणूस सापडला तर दोन पैसे जास्त द्यायला लागले तरी त्याच्याकडनंच घ्या. कोटेशनवर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, नुसतं लेयर थ्री स्विच असं नको.

बसवताना सगळ्यात वेळ गेला तो मशिनच्या कंपन्यांच्या लोकांमुळं. सीटी आणि एक्सरेच्या कन्सोलवर आयपी, मास्क, गेटवे हातानं टाकलेले असतात, पॅक्सचा पत्ता आणि डायकॉमचं (स्कॅन पाठवायची ठरलेली पद्धत) पोर्ट, बहुतेक १०४, तेही तिथंच असतं, आणि तिथं हात लावायला त्यांचाच इंजिनिअर लागतो. आम्ही म्हणून जुने गेटवेचे पत्ते जसेच्या तसे ठेवले आणि तेच राऊटरवरनं काढून स्विचवर टाकले. कन्सोलला काही बदललंय हे कळलंच नाही. तुमच्याकडं सीएनसी मशिन असतील तरी हेच करा, कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये मशिनचे पत्ते बदलायला गेलं तर प्रॉडक्शन थांबतं आणि मालक तुम्हाला उभं करत नाही.

मग कुणी काय घ्यावं. मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, पाच-सात कॉम्प्युटर, टॅली आणि दोन प्रिंटर, तर लेयर थ्रीचा विचारही करू नका, दोन लाईन घेणारा चांगला राऊटर घ्या, टीपी-लिंकचा ईआर६०५ सारखा किंवा मायक्रोटिकचा हेक्स, खाली साधा स्विच, संपलं. विश्रामबागला सीएचं ऑफिस, तेच. तासगावकडं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, कॅमेरे भरपूर पण एनव्हीआर तिथंच, तर मॅनेज्ड लेयर टू आणि राऊटर, उरलेले पैसे फायबर आणि यूपीएसवर घाला. डिझाईनच्या मोठ्या फाईली नॅसवरनं (नेटवर्कवर फाईली साठवणारा डबा) उघडणारा कारखाना, डायग्नोस्टिक सेंटर, हॉस्पिटल, मोठं कॉलेज, यांनी लेयर थ्री घ्यावा आणि मन लावून कॉन्फिगर करून घ्यावा. आणि बजेट एकाच वस्तूचं असेल तर आधी राऊटर नीट घ्या. राऊटर चांगला आणि स्विच साधा असेल तर काम हळू का होईना चालतं, पण राऊटरच नसेल तर बाहेरचं दार सताड उघडं राहतं.

एक गोष्ट या दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी. रॅक तळमजल्यावर ठेवू नका. सांगलीत आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं, २०२१ च्या जुलैत परत आलं. त्या वेळी तळमजल्यावरचे सर्व्हर, स्विच, यूपीएस सगळं गाळात गेलेली ऑफिसं सांगलीकरांनी बघितलीत. आमचा रॅक पहिल्या मजल्यावर आहे, दोन्ही डब्यांच्या कॉन्फिगरेशनची एक्सपोर्ट फाईल हॉस्पिटलच्या बाहेर वेगळ्या ठिकाणी ठेवलीय, आणि सीआरएस३२६ चा अडॅप्टर बाहेरचा असतो, चोवीस व्होल्टचा, तो एक जास्तीचा घेऊन रॅकमध्येच टेपनं चिकटवून ठेवलाय, कारण लाईट ये-जा करायला लागली की आधी अडॅप्टरच जातो आणि रविवारी मिरजेत तो कुठंच मिळत नाही.